पाणी नांदविण्याची विद्या

पाणी आणणें ही एक विद्या आहे, आणि आणलेलें पाणी नांदविणें ही दुसरी. पहिलीचें शिक्षण आपल्या देशांत फार पूर्वीं सुरू झालें. गंगेच्या कालव्याच्या कामीं जाणतीं माणसें हवींत म्हणून १८४७ सालीं रुडकी येथें स्थापत्याचें महाविद्यालय निघालें, आणि १८५४ सालीं तो कालवा वाहूं लागला. दुसऱ्या विद्येस विद्यापीठाची पायरी चढावयास मात्र आणखी शंभर वर्षें लागलीं. तिलाच आज एकात्मिक जलव्यवस्थापन असें म्हणतात. पदवीनंतर या विषयाचा स्वतंत्र अभ्यास करण्याची गरज कां पडावी, हें समजण्यासाठीं नीरेच्या खोऱ्याचा इतिहास पाहावा.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खनची दैना केली. पुढें पुणें जिल्ह्याच्या कोरडवाहू पूर्वभागास आधार व्हावा म्हणून नीरेचा डावा कालवा बांधण्यांत आला, व १८८५ सालीं तो सुरू झाला. बारामतीच्या बाजूला जेथें बाजरीचीहि शाश्वति नव्हती, तेथें ऊंस उभा राहिला. परंतु कांहीं वर्षांतच सखल भागांतील काळ्या जमिनी चिबडूं लागल्या. भूमीच्या पोटांतील पाण्याची पातळी वर चढली, तिच्याबरोबर क्षारहि वर आले, आणि पाणी उन्हानें सुकतांच रानावर पांढरी खार उरली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यासह या खारवट जमिनींची पाहणी केली व १९१० सालीं ती प्रसिद्ध केली.

येथें चुकलें कोठें? पाणी आणावयाचें किती, याचा हिशेब झाला होता; तें निघून जावें कोणत्या वाटेनें, याचा पुरेसा झाला नव्हता. ज्या न्हाणीला मोरी नाहीं, तेथें पाण्याचा सुकाळ हाच शाप ठरतो. कालवा बांधणारा स्थापत्य जाणत होता. माती जाणणारा दुसरा होता. पीक ठरविणारा तिसरा. पाणी मात्र या तिघांच्या हद्दी मानीत नव्हतें. कालव्यांतलें, विहिरींतलें आणि मातींत मुरलेलें पाणी हें वस्तुतः एकच आहे, हा या विद्येचा पहिला धडा होय. १९१६ सालीं मुंबई इलाख्यांत पाटबंधाऱ्यांच्या अशाच प्रश्नांसाठीं एक खास विभाग स्थापन झाला. खडकवासल्याचें आजचें केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र हा त्याचाच विस्तार आहे.

स्वातंत्र्यानंतर या शिक्षणाला वेग आला. १९५५ सालीं रुडकीसच आशिया व आफ्रिका या खंडांतील अभियंत्यांसाठीं जलसंपत्तीच्या विकासाचें शिक्षणकेंद्र उघडलें. १९५३ सालीं समुद्राच्या पुरानें अठराशेंहून अधिक माणसें गमावलेल्या हॉलंडनें १९५७ सालीं डेल्फ्ट येथें परदेशीं अभियंत्यांसाठीं असाच अभ्यासक्रम सुरू केला. आरंभीं या शिक्षणांत स्थापत्याचाच भाग मोठा असे. पुढें त्यांत भूजल, माती, पीक, आरोग्य, अर्थशास्त्र आणि कायदा यांची भर पडत गेली. १९९२ सालच्या डब्लिनच्या परिषदेनें तर पाणी मर्यादित आहे, त्याच्या व्यवस्थेंत वापरणाऱ्यांचा सहभाग हवा आणि स्त्रियांचें स्थान त्यांत मध्यवर्ती आहे, असें स्पष्टच सांगितलें. घरांतील हंडे ज्यांच्या डोक्यावर, त्यांना पाण्याच्या निर्णयांत जागा नसावी, ही विसंगति जगाच्या लक्षांत यावयास इतका काळ लागला!

पाणी पोंचल्यावर तें कोणास मिळावें, हा प्रश्न गणितानें सुटत नाहीं. याचें उत्तर नीरेपासून फार दूर नसलेल्या पुरंदर तालुक्यांतच एकदां शोधलें गेलें. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं नायगांव येथें पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न ठरवितां घरांतील माणसांवर ठरविला. माणशीं अर्ध्या एकरास पुरेल इतकें पाणी, आणि भूमिहीनासहि त्यांत वांटा. उसासारख्या फार पाणी पिणाऱ्या पिकास मात्र मनाई. थोडें पाणी पुष्कळांस पुरवावयाचें, तर पिकाची निवड ही एकट्याची खाजगी बाब राहत नाहीं, हा या प्रयोगाचा बोध आहे.

म्हणून या विषयाच्या विद्यार्थ्यानें दोन हिशेब शिकावयाचे असतात. पहिला पावसाचा, मुरण्याचा, वाहण्याचा व बाष्प होऊन उडून जाण्याचा. दुसरा गांवाचा, म्हणजे कालव्याच्या मुखाशीं शेत असणाऱ्याचा आणि शेवटच्या टोंकाला वाट पाहणाऱ्याचा. पहिल्यांत चूक झाली तर जमीन खारावते. दुसऱ्यांत चूक झाली तर शेजाऱ्यांचीं मनें. खारावलेली जमीन चर खणून कष्टानें सुधारतां येते. मनांचा निचरा करणारा चर मात्र अजून कोणत्याहि स्थापत्यशास्त्रांत सांपडलेला नाहीं. यासाठीं पाण्याचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या तरुणानें पुस्तकें अवश्य वाचावींत; परंतु कालव्याच्या शेवटच्या चारीवर एक हंगाम राहून यावें, आणि मगच धरणाचा नकाशा हातीं घ्यावा.