जहाजांना सोयीची, माणसांना घातक

मे १६०७. शंभराहून थोडे अधिक इंग्रज व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी उतरले आणि जेम्सटाउन वसले. काठालगतच पाणी इतके खोल, की जहाजे थेट झाडांना बांधता येत. समुद्रापासून आत असल्याने स्पॅनिश हल्ल्याचे भयही कमी. मात्र स्थानिक पाउहॅटन लोकांनी इथे वस्ती केलेली नव्हती, हे किती बोलके! भोवती दलदल. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की भरतीचे खारे पाणी वर चढे, घाण तिथेच घुटमळे आणि बिचारे तेच पीत. त्यातच भीषण दुष्काळ. त्याची साक्ष सायप्रस वृक्षांच्या खोडांतील वर्तुळे आजही देतात. सप्टेंबरअखेर जवळपास निम्मे लोक दगावले होते.