काय पुसावे, काय राखावे

लिनक्सच्या कर्नेलचा बिल्ड पूर्ण झाला की मूळ सोर्सच्या पसाऱ्यात ज्या सहस्रावधी फाइली नव्याने उत्पन्न झालेल्या असतात, त्यांची गणती करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. परंतु त्यांपैकी दोनचारच निरखून पाहिल्या, तरी त्या आवरण्याचे काम वरकरणी वाटते तितके सरधोपट नाही, अशी खातरजमा होते. 'कर्नेल' नावाच्याच फोल्डरात 'फोर्क.सी' ही माणसाने लिहिलेली फाइल आहे. बिल्ड चालवला की तिच्या शेजारी 'फोर्क.ओ' ही कंपायलरने तयार केलेली ऑब्जेक्ट फाइल येऊन बसते. आणि तिच्यामागोमाग, नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे साध्या यादीत न दिसणारी, '.फोर्क.ओ.सीएमडी' ही तिसरी फाइल येते. कंपायलरला नेमका कोणता हुकूम दिला आणि कोणकोणत्या हेडर फाइली त्या वेळी वाचल्या गेल्या, याचा तपशील हिच्यात असतो. 'मेक क्लीन' म्हटले की पडद्यावर 'क्लीन' या शब्दाने आरंभ होणाऱ्या काही ओळी सरकतात. ऑब्जेक्ट फाइल आणि तिची नोंद दोन्ही नाहीशा होतात, आणि 'फोर्क.सी' मात्र जागची हलत नाही.

हे पुसणे मुळात लागते कशासाठी? 'मेक' हा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. 'याक'चे कर्ते स्टीव्ह जॉन्सन यांची एक संपूर्ण सकाळ, जो दोष सोर्समध्ये आधीच दुरुस्त झाला होता पण ज्याची ऑब्जेक्ट फाइल पुन्हा कंपाइल झालीच नव्हती, त्याच्या शोधात वाया गेली, हे त्यास निमित्त झाले. मेकची रीत साधी आहे: ज्या फाइलीवर दुसरी फाइल अवलंबून आहे, तिची तारीख-वेळ नंतरची असेल तरच दुसरी पुन्हा करावयाची. तथापि या साधेपणातच त्याची मर्यादाही आहे. एखाद्या सोर्स फाइलीची जुनी प्रत तिच्या जुन्या तारखेनिशी परत ठेवली, तर मेकला बदल झाल्याचा पत्ताच लागत नाही. आणि सोर्स फाइल काढून टाकली तरी तिची ऑब्जेक्ट फाइल मागे उरते, आणि सरसकट सर्व '.ओ' फाइली जोडणाऱ्या मेकफाइलीत ती बिनदिक्कत नव्या प्रोग्रॅममध्ये शिरते.

आता पुसावयाचे ठरले, तरी किती पुसावयाचे याच्या पायऱ्या आहेत. कर्नेलमध्ये 'क्लीन' हा हुकूम '.कॉन्फिग' ही फाइल राखतो, आणि बाहेरची मोड्यूल्स बांधण्यापुरती सामग्रीही शिल्लक ठेवतो. 'एमआरप्रॉपर' ही '.कॉन्फिग'देखील नेतो, आणि 'डिस्टक्लीन' त्यापुढे जाऊन एडिटरच्या राखीव प्रती व पॅचचे अवशेषही काढतो. ग्नू प्रकल्पाच्या नियमांत 'मोस्टलीक्लीन' अशी सौम्य पायरीही आहे: जीसीसी तिच्यात 'लिबजीसीसी.ए' ही लायब्ररी राखते, कारण ती पुन्हा करण्याची गरज क्वचितच पडते आणि वेळ मात्र फार लागतो. उलट टोकाच्या 'मेनटेनर-क्लीन'ने आधी इशारा छापावा असा दंडक आहे, कारण त्याने गेलेल्या फाइली परत करण्यास विशेष साधने लागू शकतात. या सर्व पायऱ्यांमागचा निकष एकच: गेलेली वस्तू पुन्हा कोण करू शकेल आणि किती सायासाने. 'फोर्क.ओ' यंत्र निमूटपणे पुन्हा करील, '.कॉन्फिग'मध्ये मात्र माणसाने एकेक पर्याय निवडून घेतलेले निर्णय असतात, आणि ते यंत्राला आठवत नाहीत.

'गिट क्लीन' हा निकष पाळत नाही. गिटच्या दप्तरी जिची नोंद नाही ती फाइल परकी, एवढेच त्याला ठाऊक. म्हणून आत्ताच लिहिलेली, पण अद्याप नोंदवायची राहिलेली सोर्स फाइलही त्याच्या तडाख्यात सापडते, आणि गिटने ती कधी पाहिलेलीच नसल्यामुळे परतही देऊ शकत नाही. मूळ मांडणीत सक्तीची खूण दिल्यावाचून हा हुकूम चालत नाही. आणि 'एन' ही खूण दिली, तर काहीही न पुसता काय पुसले जाईल याची यादी तेवढी तो दाखवतो. ती यादी सावकाश वाचण्यातच या कामाचे अर्धे कौशल्य आहे. मेकफाइल लिहिणाऱ्यानेही दोन गोष्टी सांभाळाव्यात. फोल्डरात 'क्लीन' नावाची फाइल चुकून असली, तर सर्व काही अद्ययावत आहे असे सांगून मेक स्वस्थ बसतो, यास्तव ते लक्ष्य 'फोनी' म्हणून जाहीर करावे. आणि पुसण्याच्या ओळीतील मार्ग चलातून येत असेल, तर ते चल रिकामे राहिल्यास हुकूम कोठे जाऊन पोहोचेल याचा विचार आधीच करावा.

काही बिघडले की 'आधी क्लीन कर' हा सल्ला आमच्या धंद्यात उठताबसता दिला जातो, आणि बहुधा गुणही येतो. परंतु ज्या बिल्डला तो वारंवार लागतो, त्याच्या मेकफाइलीत कोणते तरी अवलंबित्व लिहावयाचे राहिलेले असते, असे खुशाल समजावे. कर्नेलमध्ये कंपायलरचा हुकूम बदलला तर '.सीएमडी' फाइलीतील नोंदीशी ताडून नेमके तेवढेच पुन्हा बांधले जाते, आणि सर्व काही पुसण्याची पाळी क्वचितच येते. म्हणून क्लीन केल्यावर बिल्ड सुधारला, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. न लिहिलेले अवलंबित्व हुडकून काढावे आणि मेकफाइलीत त्याच्या जागी लिहून टाकावे.