कर्करोगाचे औषध आणि पेटंटचा कायदा

'पेटंट' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की एखाद्याच्या नेहमीच्या विनोदालाही आपण त्याचा 'पेटंट विनोद' म्हणतो. मात्र औषधाच्या बाबतीत हा शब्द कोणाच्या घरी किती महिन्यांचे औषध येईल हे ठरवत असतो. कायद्याची भाषा रुक्ष आहे, म्हणून सामान्य वाचक तिच्याकडे पाठ फिरवतो. प्रिय वाचकहो, आम्ही येथे ती थोडी सुबोध करून मांडत आहोत.

बीड जिल्ह्यातील रुग्णाला कर्करोगाचा संशय आला की तो बहुधा प्रथम अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात जातो. तेथून कोणी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात, तर कोणी परळी वैजनाथहून रेल्वेने थेट मुंबईच्या परळला 'टाटा'मध्ये पोहोचतो. प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी हे सारे सोसून झाल्यावर हातात औषधाची चिठ्ठी येते. पेटंटचा प्रश्न सुरू होतो तो या चिठ्ठीपाशी.

पेटंट म्हणजे शासनाने संशोधकाशी केलेला करार. संशोधकाने आपला शोध जगापुढे उघड करावा. त्या बदल्यात अर्ज केल्यापासून २० वर्षे ती वस्तू त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या कोणी बनवू वा विकू नये. मुदत संपली की शोध सर्वांचा. ही कल्पना मुळात वाईट नाही, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते. वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत खर्च करणाऱ्याला काहीच मिळणार नसेल तर नवी औषधे निघणार कशी?

भारताने मात्र १९७० च्या पेटंट कायद्यात औषधांपुरता वेगळा मार्ग धरला होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार समितीच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला हा कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्यात औषधाच्या पदार्थाला पेटंट नव्हते, फक्त तो बनवण्याच्या रीतीला होते. आपल्याकडच्या गुऱ्हाळाचे उदाहरण घेऊ. रस आटवण्याच्या एका विशिष्ट रीतीला पेटंट दिले, तर शेजारी दुसऱ्या रीतीने तोच गूळ करू शकतो. पण गुळालाच पेटंट दिले, तर शेजाऱ्याने कोणत्याही रीतीने केला तरी ते पेटंटचे उल्लंघन ठरते. पहिल्या व्यवस्थेमुळे मुंबईची सिप्ला आणि हैदराबादच्या अनेक कंपन्या तीच औषधे वेगळ्या रीतीने बनवू लागल्या आणि भारतातील औषधे जगात स्वस्त समजली जाऊ लागली. १९९५ साली जागतिक व्यापार संघटनेचा करार लागू झाला. भारताला १ जानेवारी २००५ पासून औषधाच्या पदार्थालाही पेटंट देणे भाग पडले.

तथापि त्याच वर्षी संसदेने कायद्यात कलम ३ (डी) घातले. माहीत असलेल्या पदार्थाचे केवळ नवे रूप, ज्याने औषधाचा ज्ञात गुण वाढत नाही, तो शोध मानला जाणार नाही, असे हे कलम सांगते. त्याची कसोटी लागली ती रक्ताच्या कर्करोगाच्या एका औषधावर. इमॅटिनिब हे त्या औषधाचे नाव. स्वित्झर्लंडची नोव्हार्टिस कंपनी ते 'ग्लिवेक' नावाने विकत असे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रोगात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक सदोष प्रथिन तयार होते आणि पांढऱ्या पेशींना वाढीचा हुकूम देत राहते. इमॅटिनिब त्या प्रथिनालाच अडवते. रोगी रोज गोळी घेत अनेक वर्षे कामधंदा करीत जगू शकतो. पण गोळी बहुधा वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. येथेच किमतीचा प्रश्न जीवघेणा होतो. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १,२०,००० रुपये होता, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध सुमारे १०,००० रुपयांच्या आत मिळत असे.

नोव्हार्टिसने १९९८ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयात या औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी अर्ज केला होता. त्याला विरोध करणाऱ्यांत काही औषध कंपन्या होत्या, त्यांचा स्वार्थ उघडच होता. पण एक विरोधक निराळा होता. १९६९ पासून कर्करुग्णांना मदत करणारी मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन. पेटंट मिळण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते, ही कायद्यातली तरतूद तिने वापरली. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. कंपनीने ३ (डी) हे कलमच घटनाबाह्य असल्याचा दावा केला, तो मद्रास उच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २००७ रोजी अमान्य केला. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील फेटाळले. नवे स्फटिकरूप शरीरात सुमारे ३० टक्के अधिक शोषले जाते, असे कंपनीचे म्हणणे होते. औषधाच्या बाबतीत 'गुण' म्हणजे रोग बरा करण्याचा गुण; अधिक शोषले गेल्याने रोगावर अधिक परिणाम होतो हे येथे दाखवलेले नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आपण बहुतेक रुग्णांना ग्लिवेक विनामूल्य देतो, असेही कंपनी सांगत असे, आणि त्या योजनेतून हजारो भारतीय रुग्णांना औषध मिळाले हे खरे आहे. त्याबद्दल कृतज्ञताच बाळगली पाहिजे. परंतु धर्मादायाच्या यादीत आपले नाव राहील की नाही, याची चिंता करीत जगणे आणि औषध दुकानातून आपल्या पैशाने विकत घेता येणे, या दोन अवस्था रुग्णाला सारख्या वाटत नाहीत.

दुसरे प्रकरण तर मुंबईतच घडले. जर्मनीच्या बायर कंपनीचे सोराफेनिब, व्यापारी नाव 'नेक्साव्हार', हे मूत्रपिंडाच्या व यकृताच्या वाढलेल्या कर्करोगावर दिले जाते. येथे पेटंट खरे होते, २००८ साली रीतसर मिळालेले. त्याच्या वैधतेवर वाद नव्हता. वाद होता किमतीचा. १२० गोळ्यांचा, म्हणजे एका महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये. आमच्या जिल्ह्यातील वाचकांना हा आकडा असा सांगता येईल: त्या काळी मुकादम एका कोयत्याला, म्हणजे ऊसतोडणीच्या नवरा-बायकोला, सबंध हंगामासाठी जी उचल देत असे, ती या एका महिन्याच्या औषधाला पुरली नसती. हे औषध वाढलेला रोग मुळापासून बरा करीत नाही, काही काळ आयुष्य वाढवते, हेही सांगितले पाहिजे. पण तो काळ कोणाच्या वाट्याला यावा, हे उचलीच्या रकमेने ठरावे काय?

कायद्याच्या कलम ८४ नुसार पेटंट देऊन तीन वर्षे झाल्यावर कोणीही 'सक्तीचा परवाना' मागू शकतो. जनतेची वाजवी गरज भागत नसेल, किंमत परवडणारी नसेल, अथवा शोध भारतात प्रत्यक्ष वापरात आणला जात नसेल, यांपैकी एक कारण पुरे होते. हैदराबादच्या नॅटको कंपनीने आधी बायरकडे संमती मागितली, ती मिळाली नाही. मग जुलै २०११ मध्ये तिने मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी तिन्ही कारणे मान्य करून परवाना दिला. औषध गरज असलेल्यांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. नॅटकोने महिन्याचे औषध ८,८८० रुपयांहून अधिक दराने विकू नये, बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन द्यावे आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध फुकट द्यावे, अशा अटी होत्या. म्हणजे पेटंट रद्द झाले नाही आणि मालकाला मोबदलाही मिळाला. पुढे अपील मंडळाने तो ७ टक्के केला.

मुंबई उच्च न्यायालयाने १५ जुलै २०१४ रोजी हा परवाना कायम ठेवला. मुख्य न्यायमूर्ती मोहित शाह व न्या. एम. एस. संकलेचा यांच्या खंडपीठाचा एक मुद्दा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. इतर वस्तूंच्या बाबतीत गरज 'पुरेशी' भागली की चालेल. औषधाच्या बाबतीत पुरेशी याचा अर्थ शंभर टक्के. ज्याला गरज आहे अशा प्रत्येक रुग्णापर्यंत ते पोहोचले पाहिजे. भारतातच उत्पादन झाले पाहिजे या नियंत्रकांच्या अर्थाला मात्र न्यायालयाने मुरड घातली. आयातही काही परिस्थितीत चालू शकते असे म्हटले. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

बौद्धिक संपदेचा हक्क आरोग्याच्या क्षेत्रात अति ताठरपणे राबवला जातो, अशी खंत पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या 'कारितास इन वेरिताते' या परिपत्रकात व्यक्त केली होती. योगायोगाने त्यानंतर तीन वर्षांनी मुंबईच्या एका शासकीय कार्यालयात तोच प्रश्न फाइलवर आला.

यावरून आता सर्व मार्ग मोकळा झाला, असा समज कोणी करून घेऊ नये. कलम ८४ खाली मिळालेला तो पहिला परवाना होता, आणि नंतरच्या अर्जांना यश आले नाही. रक्ताच्या कर्करोगावरील डॅसॅटिनिबसाठी मुंबईच्या बीडीआर कंपनीने केलेला अर्ज २०१३ मध्येच फेटाळला गेला. पेटंटधारकाची संमती मिळवण्याचा पुरेसा प्रयत्न तिने केला नाही, असे कारण दिले गेले. मार्च २०२४ मध्ये पेटंट नियम बदलले. पेटंट भारतात कितपत वापरले जाते याचे विवरण पूर्वी दरवर्षी द्यावे लागे, ते आता तीन वर्षांतून एकदा द्यायचे आहे. पेटंट मिळण्यापूर्वीची हरकत पूर्वी विनाशुल्क होती, तिला आता शुल्क आहे, आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रक आधी ठरवतात. कंपन्यांना हे शुल्क जाणवणार नाही. रुग्णांच्या संस्थांना जाणवेल.

सोराफेनिबचे मूळ पेटंट २०२० मध्ये संपले, इमॅटिनिबचे भारतीय उत्पादन कधीचेच सर्वत्र मिळते. म्हणून चिठ्ठीवर व्यापारी नाव असेल तर डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागावे, आणि त्याच घटकाचे दुसऱ्या कंपनीचे औषध चालेल का, हे त्यांनाच विचारावे. दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. आपल्याला लिहून दिलेली गोळी तिच्या यादीत बसते काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे उपचार सुरू होण्यापूर्वी शिधापत्रिका घेऊन विचारावे.