वरठीवरून गेलेली प्रेमकथा

नागपूरहून सुटलेली हावडा लाइनची गाडी तासाभरात वरठीला येते. पाटीवर नाव 'भंडारा रोड', पण आम्ही भंडाऱ्याची माणसे वरठीच म्हणतो. पुढे तुमसर रोड, मग वैनगंगेचा पूल, तिरोडा, गोंदिया, डोंगरगड आणि राजनांदगाव. १८९३च्या सुमारास याच मार्गाने एक तिशीतला मराठी कवी राजनांदगावला चालला होता. डब्यात त्याला एक गोरा गृहस्थ भेटला. गप्पा सुरू झाल्या आणि बोलता बोलता विषय धर्मावर आला. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत कवीच्या हाती ठेवली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. कवीला ते भाकीत विचित्र वाटले, पण दिलेला शब्द त्याने पाळला. वाचताना डोंगरावरच्या प्रवचनापाशी तो थबकला आणि तिथून त्याला मागे फिरता आले नाही.

हा कवी म्हणजे नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू होता. इथून पुढे जे घडले ती माझ्या मते मराठीतली सर्वांत मोठी ख्रिस्ती प्रेमकथा आहे. गंमत अशी की तिची सुरुवात ज्या प्रवासात झाली, त्याचा निम्म्याहून अधिक भाग तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याच्या धानबांध्यांतून गेलेला. गोंदियाही तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. ते वेगळे झाले १९९९मध्ये.

हे लिहायला कारण घडले ते मागच्या नाताळात. आमच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे ताट जाते, नाताळला त्यांच्याकडून आमच्याकडे येते आणि दोन्ही ताटांत करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे तेच. फक्त त्यांच्या ताटात केकची एक वडी जास्त. ताट घेऊन त्यांची नात आली होती. कॉलेजात शिकते, मोबाइलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचते. बर्फ पडतोय, लाकडी घर आहे, चर्चची घंटा वाजतेय, आणि दुखावलेली दोन माणसे नाताळच्या रात्री पुन्हा विश्वास ठेवायला शिकतात, अशा त्या गोष्टी. तिने विचारले, "काकू, असं मराठीत काही आहे का हो?" तेव्हा मी अर्धवट उत्तर दिले. पूर्ण उत्तर इथे लिहिते आहे, म्हणजे दिवाळी अंक हाती आल्यापासून नाताळपर्यंत पुस्तके मिळवायला तिला वेळ राहील.

आधी तिच्या त्या इंग्रजी पुस्तकांबद्दल, कारण ती हिणवण्यासारखी मुळीच नाहीत. अमेरिकेत या प्रकाराची परंपरा जुनी आहे. ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल या बाईंनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शंभरावर कादंबऱ्या लिहिल्या; त्यांत प्रेम आणि श्रद्धा हातात हात घालून चालतात. १९७९ साली जेनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' आली आणि आजची लाट तिथून उसळली. तिची नायिका मार्टी पश्चिमेकडच्या माळरानावर नवऱ्याबरोबर येते आणि येताच विधवा होते. क्लार्क नावाचा विधुर तिला सांगतो, माझ्या लहान मुलीला आई हवी, तुला आसरा हवा, आपण लग्न करू. प्रेम नंतर येते, हळूहळू, स्वयंपाक, थंडी आणि आजारपण यांच्यामधून. आपल्या आज्या-पणज्यांची लग्ने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. फ्रॅन्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' १९९१ची. बायबलातल्या होशेय संदेष्ट्याची कथा त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीच्या काळात आणून ठेवली. लहानपणीच वेश्याव्यवसायात ढकललेली मुलगी आणि तिला पुन्हा पुन्हा माघारी आणणारा शेतकरी. पुस्तक ताकदीचे आहे, पण त्यातले अत्याचाराचे प्रसंग जड आहेत, म्हणून ते मोठ्या वयाच्या वाचकांनीच घ्यावे. आणि एका बैठकीत संपणारे हवे असेल तर ओ. हेन्रीची १९०५ची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय'. गरीब नवराबायको, नाताळची पूर्वसंध्या, तिच्याजवळ एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट. ती त्याच्या घड्याळाच्या साखळीसाठी आपले केस विकते आणि तो तिच्या केसांच्या फण्यांसाठी आपले घड्याळ विकतो. मी ती दर वर्षी वाचते आणि दर वर्षी शेवटच्या पानाशी गळा दाटतो.

पण त्या मुलीचा प्रश्न मराठीचा होता. आणि मराठीत असे काही आहे का, या प्रश्नाचे उत्तर असे, की मराठी कादंबरी जन्मली तीच मुळी अशी. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली आणि तीच मराठीतली पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी मानली जाते. त्याआधी धर्मप्रेरणेचे कथात्मक लेखन मराठीत अनुवादाने आले होते. बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा हरी केशवजींनी केलेला 'यात्रिकक्रमण' हा अनुवाद १८४१चा. पदमनजी मूळचे बेळगावचे, जन्म १८३१चा, तांब्या-पितळेचे काम करणाऱ्या कासार समाजातले. पितळेच्या भांड्यांनी नाव मिळवलेल्या भंडाऱ्याच्या वाचकाला हा तपशील आवडेल म्हणून मुद्दाम सांगते. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढे तीनच वर्षांत त्यांनी ही कादंबरी लिहिली.

यमुना शिकलेली, मिशनच्या शाळेतली. नवरा विनायकराव तिच्याच विचारांचा. दोघेही मनाने ख्रिस्ताकडे ओढलेले, पण उघडपणे तसे म्हणण्याचे धैर्य अजून जमलेले नाही. ते प्रवासाला निघतात आणि वाटेत जागोजागी त्यांना विधवा भेटतात. कोणाचे केशवपन झालेले, कोणी सासरी राबणारी, कोणी फसवली गेलेली. पुस्तकाचे पुरे नावच 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असे आहे. मग अपघातात विनायक जातो आणि आतापर्यंत जिने इतरांचे दुःख ऐकले, तिच्यावरच तो प्रसंग येतो. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. १८५६चा कायदा कागदावर होता आणि कादंबरीतल्या एका मुलीने तो जगून दाखवला.

आजच्या वाचकाला ही कादंबरी सोपी जाणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मध्येच उपदेश येतो आणि पात्रे एकमेकांशी बोलतात तेव्हा कधी कधी व्याख्यान देतात. हिंदू चालीरीतींवरची टीका धारदार आहे आणि काही ठिकाणी ती एकांगीही वाटते. पण यमुना आणि विनायक एकमेकांशी ज्या बरोबरीने बोलतात, ते वाचताना मी थांबले. नवरा-बायको एकत्र प्रवास करताहेत, पाहिलेल्या गोष्टींवर रात्री चर्चा करताहेत, बायको मत मांडते आहे आणि नवरा ऐकतो आहे. हे चित्र मराठी गद्यात १८५७ साली कोणी काढले होते? मला तिथे खरा प्रणय दिसला. त्यात चांदणे आणि फुले नाहीत, दोन माणसांनी मिळून विचार करणे आहे.

मराठी मातीतल्याच आणखी एका लेखिकेचे नाव इथे घ्यायला हवे. कृपाबाई सत्थियानाधन १८६२ साली अहमदनगरला जन्मल्या, वडील हरिपंत खिस्ती. त्यांनी इंग्रजीत लिहिले. 'सगुणा' ही त्यांच्याच आयुष्यावर बेतलेली, ख्रिस्ती घरात वाढलेल्या, शिकायला धडपडणाऱ्या मुलीची कादंबरी; 'कमला' ही हिंदू सुनेची. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, १८९४ साली, त्या गेल्या. गोव्याकडे तर रोमन लिपीतल्या कोकणीत कादंबरीला नावच 'रोमांस' असे पडले. एदुआर्द ब्रुनो द सौझा यांची १९११ची 'क्रिस्तांव घराबो' ही कोकणीतली पहिली कादंबरी, आणि ती ख्रिस्ती कुटुंबाचीच गोष्ट.

आता पुन्हा लक्ष्मीबाईंकडे येते, कारण माझे सगळे मन तिथे आहे.

नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, अक्षरओळख बेताची आणि तीही टिळकांनीच करून दिलेली. पुढची चार-साडेचार वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपुरात. बाजूचे सगळे जग सांगत होते की हा माणूस तुझ्यासाठी मेला. इथे एक कायद्याची गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १८६६च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला एक सवलत होती: धर्मांतरामुळे जोडीदार सोबत राहायला नकार देत असेल तर कोर्टात जाऊन लग्न मोडता येत असे आणि दुसरे करता येत असे. दार उघडे होते. टिळक त्यातून गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, भेटी घेत राहिले, रागावले, रुसले आणि थांबले.

लक्ष्मीबाईही थांबल्या. त्यांनी आपला धर्म नवऱ्यासाठी सोडला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या अहमदनगरला गेल्या त्या ब्राह्मण म्हणूनच, वेगळी चूल मांडून, आपले पाणी आपण भरून. टिळकांनी ते चालवून घेतले. मग हळूहळू लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार सुरू झाला की ही जात देवाने केली की माणसाने, आणि एकदा उत्तर मिळाले तशी त्यांनी शिवाशिव टाकून दिली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. ज्या इंग्रजी कादंबऱ्यांबद्दल वर लिहिले त्यांत श्रद्धेकडे वळणे बहुधा एका रात्रीत होते, आणि नायकाच्या डोळ्यांत पाहून होते. इथे त्याला पाच वर्षे लागली, आणि ते वळण घेतले तिने, स्वतःच्या बुद्धीने.

'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. २४ फेब्रुवारी १९३६ला लक्ष्मीबाई गेल्या. त्याआधी, १९३३ साली, त्या नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा होत्या. जिला नवऱ्याने मुळाक्षरे गिरवायला लावली ती बाई त्याच नागपुरात, जिथे संसाराच्या सुरुवातीला तिने टिळकांच्या लहरींपायी हाल सोसले, लेखकांच्या मेळाव्यात अध्यक्षाच्या खुर्चीत बसली. टिळक तोवर नव्हते; ९ मे १९१९ला ते गेले. त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा अध्याय लिहून अर्धवट सोडले होते. पुढचे साठावर अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते पुरे केले. नवऱ्याचे राहिलेले काम पुरे करणाऱ्या बायका खूप असतील, पण नवऱ्याच्या ओवीत आपली ओवी मिसळून ख्रिस्ताचे चरित्र पुरे करणारी मला ही एकच माहीत आहे.

मावशींकडची 'स्मृतिचित्रे' मी पाहिली आहे. कव्हर जुन्या दिनदर्शिकेच्या डिसेंबराच्या पानाचे, २५ तारखेचा लाल आकडा बरोबर पाठीवर आलेला. आत एका पानावर हळदीचा अंगठा. स्वयंपाक करता करता वाचलेले पुस्तक असे दिसते. मावशी म्हणतात की त्या ते वाचून हसतात जास्त आणि रडतात कमी, आणि हे अगदी खरे आहे. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, घरी पाहुण्यांना आणि अनाथ मुलांना अंत नसे, आणि लक्ष्मीबाई हे सगळे ज्या मिस्कीलपणे सांगतात त्याला मराठीत जोड नाही. इंग्रजीतच वाचायची सवय असलेल्यांसाठी शांता गोखले यांनी केलेला संपूर्ण अनुवाद २०१७ साली आला आहे. पण आधी मराठीत वाचावे, मोठ्याने वाचावे. ते पुस्तक बोलल्यासारखे लिहिले आहे.

यादीत शेवटचे पुस्तक सर्वांत जुने आणि सर्वांत लहान आहे, बायबलातले रूथ. चारच अध्याय. मवाबातली तरुण विधवा रूथ सासूला, नामीला, एकटे सोडत नाही. दोघी बेथलेहेमात येतात, तेव्हा जवाची कापणी सुरू झालेली असते. खायला नाही म्हणून रूथ परक्याच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला जाते. शेतमालक बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही ओंब्या गळू द्या, तिला वेचू द्या. लाजाळू माणसाने प्रेम व्यक्त करण्याची याहून सुंदर रीत मी वाचलेली नाही. दोघांचे लग्न होते, ओबेद होतो, ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद. आणि दाविदाच्या त्याच गावात, त्याच्याच वंशात, पुढे नाताळची रात्र येते. म्हणून हे पुस्तक डिसेंबरात वाचायचे.

आपल्याकडे ते वाचायला अर्थाचा कोश लागत नाही. दिवाळीच्या आसपास हलका धान कापला जातो, कडपा बांधीत पडतात, अवकाळी पावसाची धास्ती असते, मग पुंजणे रचले जातात, आणि डिसेंबरात भारी धानाची चुरणी चालू असते. बांधीत पडलेली लोंबी वेचणारी बाई भंडारा जिल्ह्यात कोणाला माहीत नाही? मावशींच्या आईने ती वेचली आहे. त्या सांगत होत्या, दिवसभर वेचून पदरात जेवढे धान यायचे तेवढ्यात दोन वेळचा भात व्हायचा, आणि ज्या बांधीचा मालक मागे थोडे जास्त सोडायचा त्याचे नाव घरात आदराने घेतले जायचे.

नातीने या वेळी सुट्टीत 'स्मृतिचित्रे' वाचायला घेतली आहे. परवा ती सांगत आली की टिळक राजनांदगावला निघाले त्या पानापर्यंत ती पोचली आहे. तिच्या कॉलेजची गाडी रोज सकाळी वरठीहूनच सुटते.