हमी कामाची, पुरावा तारखेचा

शिक्षण संपले की कंपनीत शिरायचे आणि तिथूनच निवृत्त व्हायचे, हे जपानचे चित्र आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. पण ती शाश्वती मुख्यतः मोठ्या कंपन्यांतल्या कायम कामगारांपुरती होती. 1990 नंतरच्या मंदीत तीही आटत गेली. आज तिथे एक तृतीयांशाहून अधिक कर्मचारी कंत्राटी, अर्धवेळ किंवा हंगामी आहेत.

महाराष्ट्राने सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात ही हमी राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून गावातल्या मजुराला काम मिळू लागले. याइतका न्याय्य कर आपण क्वचितच बसवला असेल.

बुलढाणा जिल्ह्यात या हमीची गरज दरवर्षी नव्याने उभी राहते. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी आटोपली, की कोरडवाहू गावांत हाताला काम उरत नाही. निंदणाचे दिवस तणनाशकाने कमी केले, सोंगणीचे हार्वेस्टरने. मग वीटभट्टी, ऊसतोड, सुरत, पुणे. महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतला गाळ आणि मुरूम काढण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ देशभर गाजला. पाणी साठले, हे मोठेच काम झाले. मात्र खोदाई पोकलेनने झाली. रोजगार हमीत पाझर तलाव आणि नालाबांध माणसांच्या हातांनी होत, तेव्हा पाण्याबरोबर मजुरीही गावात राहायची.

2005 च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी दिली. पुढच्या दिवसांचा खर्च महाराष्ट्राने स्वतःकडे घेतला. या हमीचा खरा जीव मात्र एका कागदात होता. नमुना 4 भरून काम मागायचे आणि तारखेची पोच घ्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा हक्क मिळतो. पोच नसेल तर मागणीच झाली नाही, असे कागदोपत्री ठरते. मजुरांना काम नकोच आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढणे हा अन्याय आहे.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने या हमीचा नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस 125 झाले, पण खर्चाचा 40 टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्यांवर आला. पेरणी-कापणीच्या हंगामात 60 दिवस काम बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. दिवस वाढले ते चांगलेच. पण तिजोरीत पैसा नसेल तेव्हा अर्जच न घेण्याचा मोह प्रत्येक पातळीवर होईल, ही माझी चिंता आहे.

जपानचा कायम कामगार नोकरी गेली तर न्यायालयात जाऊ शकतो. सिंदखेडराजाच्या किंवा संग्रामपूरच्या मजुराजवळ फक्त ती पोच असते. म्हणून या अंकाच्या गावाकडच्या वाचकांना विनंती: येत्या ग्रामसभेत शेजारच्या मजुरासोबत उभे राहा, त्याचा अर्ज लिहून द्या, आणि तारीख-शिक्क्याची पोच हातात आल्याशिवाय तिथून हलू नका.