नदी नसलेल्या देशातील धबधबा

धबधबा म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर आंबोलीचा घाट येईल, नाही तर साताऱ्याजवळचे ठोसेघर येईल. सौदी अरेबिया मात्र कोणाच्या मनात येणार नाही. हा देश महाराष्ट्राच्या सुमारे सातपट मोठा आहे. पण त्यात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. तरीही तेथे धबधबे आहेत आणि ते पाहायला लोक जातात. २०१९ साली या देशाने परदेशी पर्यटकांसाठी आपली दारे उघडली. तेव्हापासून अशा सहलींना अधिकच बहर आला आहे.

नकाशा उघडा. सौदी अरेबियाच्या पश्चिमेस तांबडा समुद्र आहे. त्याच्या किनाऱ्यावरून बोट दक्षिणेकडे नेत जा. येमेनची सरहद्द येण्याच्या थोडे आधी जाझान हे शहर लागेल. किनाऱ्यालगतच्या सपाट पट्टीला तिहामा म्हणतात. तिच्या मागे सरवात पर्वताची भिंत उभी आहे. समुद्र, सखल पट्टी आणि मागे उंच डोंगर! तुम्हांला कोकणाची आठवण झाली असेल, तर ती योग्यच आहे. जाझानला आंबेही पिकतात.

उंचीत मात्र हे डोंगर सह्याद्रीला मागे टाकतात. आपले कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, तर सौदी अरेबियातील सरवातची सर्वांत उंच शिखरे तीन हजार मीटरच्या आसपास आहेत. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे त्यांना अडतात आणि थोडाफार पाऊस देतात. 'मोसमी' हा शब्दही मूळचा अरबीच. 'मौसिम' म्हणजे ऋतू.

आता असे समजा, की हिवाळा सरता सरता एका पहाटे तुम्ही जाझानहून निघाला आहात. गाडीत पाचसहा जण आणि एक वाटाड्या. शंभराहून अधिक किलोमीटर गेल्यावर डोंगरात एक चीर दिसते. ही वादी लजब. वादी म्हणजे पाऊस पडला तरच वाहणारा ओढा. एरवी त्याचे पात्र कोरडे असते. गोट्यांवरून गाडी हेलकावे खात आत शिरते. पुढे मोठमोठे धोंडे वाट अडवतात, तेथून पायी चालायचे.

दोन्ही बाजूंचे कडे इतके उंच आणि इतके जवळ आहेत, की वर आकाशाची नुसती पट्टी दिसते. बाहेर रखरखाट आणि आत गारवा! कड्यांच्या भेगांतून पाणी झिरपते. वरच्या डोंगरावर पडलेले पाणी खडकात मुरून हळूहळू बाहेर येते, म्हणून पाऊस नसतानाही येथे ओल टिकते. त्या ओलीवर झुडपे आणि वेली लोंबत राहतात. पायाखाली डोह लागतात. गुडघाभर, मग कमरेइतक्या पाण्यातून गेल्यावर धबधबा दिसतो. खरे सांगायचे, तर ठोसेघर पाहिलेल्या माणसाला तो चिमुकलाच वाटेल. पण वाळवंटाच्या देशात त्याचा आवाज कानावर पडतो, तेव्हा त्याच्या उंचीचा विचार कोणी करत नाही.

दुपार होते. तुम्ही म्हणता, "काका, अजून थोडे पुढे जाऊ या ना!" वाटाड्या मान हलवतो. तुमच्या डोक्यावरचे आकाश निळेशार आहे, मग भीती कसली? तो दूरच्या शिखराकडे बोट दाखवतो. तेथे ढग जमले आहेत. "बाळ, येथले आकाश पाहून चालत नाही. पाणी तिथून येते."

हे नीट समजून घ्या. या डोंगरांवर माती थोडी आणि खडक उघडे. पाऊस जोरात पडला, की फारसे पाणी मुरत नाही. सगळे पाणी उतारावरून धावत सुटते आणि अरुंद घळीत एकवटते. दहावीस किलोमीटरवर पडलेला पाऊस खाली ऊन असताना लोंढा होऊन येतो. अरबी भाषेत या लोंढ्याला 'सैल' म्हणतात. मराठीत सैल म्हणजे ढिले, पण हा सैल मुळीच ढिला नसतो! २००९ सालच्या नोव्हेंबरात जेद्दा शहरात काही तासांच्या पावसाने आलेल्या पुरात शंभरावर माणसे दगावली. पाणी वाहत असताना वादीतून गाडी घालणाऱ्याला तेथे मोठा दंड होतो.

आपल्याकडेही निराळे नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी पाहता पाहता वाढले आणि काठ गाठायला वेळ उरला नाही.

म्हणूनच वाटाड्या सकाळी लवकर निघतो, थोडीच माणसे बरोबर घेतो आणि चालताना वर चढून जाण्याजोगे कपारे हेरून ठेवतो. पाचसहा जण क्षणात वर चढू शकतात, पन्नास जण चढू शकत नाहीत. नितळ पाणी एकाएकी गढूळ झाले, काड्या आणि पाने वाहत आली, वरच्या अंगाला घरघर ऐकू आली, तर तो वस्तू गोळा करीत बसत नाही. माणसे वर काढतो.

परतताना तुम्ही थोडे रुसलेलेच असता. घळीच्या तोंडाशी येताच वाटाड्या थांबतो आणि कड्याकडे पाहायला सांगतो. तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर, एका भेगेत, झाडाचा एक वाळका ओंडका आडवा अडकून बसलेला आहे.