विश्लेषण : जुनी मोटार ‘मूळ रूपात’ राखणे म्हणजे नेमके काय? ती विकल्यावर पश्चात्ताप का होतो?

गोंदियाच्या राइस मिलच्या शेडमध्ये, जुन्या वाड्याच्या पडवीत किंवा गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली एखादी फियाट, ॲम्बेसेडर किंवा पेट्रोल जीप अजूनही उभी असते. घरात दोन मते असतात. एक म्हणतो, भंगारात द्या, जागा तरी मोकळी होईल. दुसरा म्हणतो, नवा रंग मारून चकाचक करू. जुन्या मोटारींचे जाणकार या दोन्ही निर्णयांआधी थांबायला सांगतात. कारण १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव मिळालेल्या फियाटच्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. पन्नास वर्षांनंतर मोटारीकडे पाहण्याची कायद्याची नजर बदलते.

‘व्हिंटेज’ कोणाला म्हणायचे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून प्रथमच याची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी वा चारचाकी म्हणजे व्हिंटेज वाहन. मात्र वय पुरेसे नाही. वाहन मूळ रूपात राखलेले हवे. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षे चालते. पुढच्या नोंदणीला पाच हजार लागतात. ज्यांच्याकडे आधीचा नोंदणी क्रमांक आहे त्यांना तोच ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्यांना ‘व्हीए’ अक्षरे असलेली पाटी मिळते.

अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. त्यासाठी मोटारीला एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये शुल्क होते. वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार झाले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरातील दहा-पंधरा वर्षांच्या मर्यादेचा नियम महाराष्ट्रातील खासगी गाड्यांना लागू नाही. त्या भीतीने गाडी विकण्याचे कारण नाही.

मूळपण कुठे हरवते?

बहुतेक वेळा ते हौसेपोटी नाही, तर काटकसरीपोटी हरवले. पेट्रोल महागले तसे ॲम्बेसेडर आणि जीपमधील पेट्रोल इंजिने काढून डिझेल इंजिने बसवली गेली. मॅटाडोरचे इंजिन हा तेव्हाचा लोकप्रिय पर्याय होता. मार्क टू ॲम्बेसेडरची चौकडीची जाळी काढून नंतरच्या मॉडेलची लावली, तर गाडी ‘नवी’ दिसे. पद्मिनीचा स्टीअरिंगजवळचा गिअर काढून तो खाली घेतला गेला. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला. सुटे भाग मोठ्या शहरातून मागवावे लागत, तिथे मिस्त्रीने हाताशी होते ते बसवले. त्यामुळेच या गाड्या इतकी वर्षे चालल्या. पण नियमाच्या भाषेत बदललेले इंजिन म्हणजे मूळपणाचा शेवट ठरू शकतो. मूळ इंजिन शेडच्या कोपऱ्यात पडून असेल तर ते म्हणूनच मोलाचे आहे.

चकाचक गाडी म्हणजे मूळ गाडी का?

नाही. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. तिचा रोख आहे ते जपण्याकडे आहे. दुरुस्ती गरजेपुरती असावी, नवा भाग ओळखू यावा, शक्यतो तो पुन्हा काढता यावा आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद राहावी, असे ती सुचवते. कारखान्यातला फिका पडलेला रंग, सीटचे मूळ रेक्झिन, काचेवरचा उत्पादकाचा शिक्का आणि रिव्हेट मारलेली क्रमांकाची पट्टी हे त्या गाडीचे पुरावे असतात. नवा रंग पुन्हा कधीही मारता येतो. घासून काढलेला जुना रंग परत आणता येत नाही.

गोंदियात कागदांचा प्रश्न वेगळा का?

पन्नास वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजली जातात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणजे व्हिंटेज ठरू शकणाऱ्या इथल्या कोणत्याही गाडीची पहिली नोंद गोंदिया जिल्ह्याच्या नावाने असूच शकत नाही. ती भंडारा, नागपूर किंवा गाडी घेतली त्या शहराची असेल. १९५६ पूर्वीची असेल तर हा भाग मध्य प्रदेशात होता. तेव्हाच्या पाटीवर ‘एमएच-३५’ काय, ‘एमएच’ हीदेखील आजच्या पद्धतीने दिसणार नाही. म्हणून जुने आरसी बुक, कराच्या पावत्या, विम्याचे कागद आणि गाडीशेजारी उभ्या कुटुंबाचा पाटी दिसणारा फोटो हे सारे जपायला हवे. गाडी आहे पण कागद नाहीत, अशी अवस्था गंजापेक्षा कठीण असते.

विकल्यावर पश्चात्ताप का?

मोटारीची किंमत सर्वात कमी असते ती वीस ते तीस वर्षांच्या वयात. तेव्हा ती सेकंडहँड म्हणून जुनी आणि वारसा म्हणून तरुण असते. नेमकी तेव्हाच ती किलोच्या भावाने जाते. ज्या फियाटसाठी वडिलांनी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिची चासी भंगारवाल्याकडे तासाभरात कापली जाते. पुढे मुलांना तशी गाडी मिळतेही, पण ‘ती’ मिळत नाही.

मोठ्या प्रमाणावरही हेच घडले. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकात बनवून घेतलेली ड्यूसेनबर्ग स्पीडस्टर आज भारताबाहेर आहे. संस्थाने विलीन झाल्यावर अशा अनेक मोटारी परदेशी गेल्या. पुढे १९५० पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध आले, पण तोवर बऱ्याच गेल्या होत्या. उलट कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याने मेबॅक राखली आणि दसऱ्याला ती आजही लोकांना पाहायला मिळते. मुंबईत पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण ताजे आहे. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंद झालेली शेवटची पद्मिनी २० वर्षांची मुदत संपल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली. किमान एक तरी टॅक्सी सरकारने जतन करावी, अशी मागणी टॅक्सीमेन संघटनेने त्याआधीच केली होती. हजारोंनी असलेली वस्तू दुर्मीळ होईल, असे कोणालाच वाटत नाही.

आता काय करता येईल?

आधी चासी आणि इंजिन क्रमांक आरसी बुकशी ताडून पाहावेत. नोंदणीची मुदत संपली असेल तर आरटीओत चौकशी करावी. काढलेला कोणताही मूळ भाग फेकू नये, त्यावर चिठ्ठी लावून ठेवावा. पावसाळी जिल्ह्यात गाडी थेट मातीवर उभी करू नये आणि प्लास्टिकने घट्ट झाकू नये, कारण आतली ओल फ्लोअर खाते. मिलजवळ उंदरांपासून वायरिंग सांभाळावे. रंगकामाआधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत. विकायचीच झाली तर कागद आणि मूळ भागांसह, ती चालवेल अशा माणसाला विकावी आणि नाव बदलल्याची खात्री करावी. भंगारात देणे हा शेवटचा पर्याय ठेवावा. बाकीचे सर्व निर्णय नंतर बदलता येतात, हा येत नाही.